नेपरव्हिलमध्ये गाळलेलं वाक्य

दुभाष्याला गरम जेवण मिळत नाही. यजमान बोलतो तेव्हा पाहुणा जेवतो, पाहुणा बोलतो तेव्हा यजमान जेवतो, आणि दुभाषा दोन्ही वेळा बोलत असतो. बावीस वर्षं मी हे काम केलं. गव्हर्नरांच्या मेजवान्यांहून घरी येऊन मी दहीभात खाल्ला आहे. बायको म्हणायची, "काय हो, तिकडे वाढत नाहीत का?" मी म्हणायचो, "वाढतात. गिळायला वेळ देत नाहीत."

या अंकाच्या संपादकांनी कामातल्या गमतीजमती मागितल्या होत्या. गमती आहेत, आणि त्या सांगतोही. पण ज्या एका गोष्टीसाठी मी लिहायला होकार दिला ती गमतीची नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. एका माणसाने भरल्या सभेत आपली चूक कबूल केली होती आणि ती कबुली मी गाळली. त्याचे परिणाम त्याने भोगले, मी नाही.

मी मूळचा पेडण्याचा. घरात मराठी, शाळेत पोर्तुगीज. पणजीला लिसेंवचं, म्हणजे पोर्तुगीज हायस्कूलचं, शिक्षण संपत आलं आणि गोवा मुक्त झाला. आनंद झालाच, पण इतक्या छड्या खाऊन पाठ केलेली क्रियापदं एका दिवसात निरुपयोगी झाली याचं थोडं वाईटही वाटलं. पुढे मुंबई, मग न्यू जर्सी. नेवार्कजवळ एका गोदामात मी सुपरवायझर होतो. माल उतरवणारे सगळे पोर्तुगीज नाहीतर ब्राझिलियन. ते आणि मालक यांच्यामध्ये उभा राहून मी रोज दोन्हीकडच्या शिव्या इकडून तिकडे पोचवायचो. कुणीतरी म्हणालं, याचे पैसे मिळतात. परीक्षा दिली, पास झालो. ब्राझिलियन लोक माझं बोलणं ऐकून हसायचे. "तुम्ही आमच्या पणजोबांच्या पत्रासारखं बोलता," असं एकाने सांगितलं होतं. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

काम असं असे. परदेशातल्या राज्यांचे मंत्री, महापौर, खात्यांचे प्रमुख अशा मंडळींना वॉशिंग्टनमधली एक संस्था सरकारच्या वतीने तीन आठवडे अमेरिका दाखवायची. दुभाषा विमानतळापासून विमानतळापर्यंत सोबत. सभेत भाषांतर करायचं, औषधाच्या दुकानात करायचं, नवऱ्याला न सांगता घ्यायच्या अंगठीच्या दुकानातही करायचं. एक कृषी अधिकारी लिफ्टमध्ये चढत नसे. शिकागोत त्याची खोली एकोणिसाव्या मजल्यावर निघाली. मीही त्याच्यासोबत जिन्याने चढलो. पाहुणा धापा टाकत काही म्हणाला तर ते कुणाला सांगायचं, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही.

आमचे नियम दोनच. पहिला: जे बोललं गेलं ते पूर्ण सांगायचं, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही, आणि "ते म्हणतात की" असं न म्हणता "मी" म्हणून बोलायचं. दुसरा: खोलीत ऐकलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. पहिला नियम मी मोडला आणि दुसऱ्याच्या आड लपलो. माझी सगळी गोष्ट एवढीच आहे. पण ती कशी घडली ते सांगायला हवं.

नियम मोडण्याची सवय मला कौतुकाने लागली. टेक्सासमध्ये शुगर लँडला एकदा आफ्रिकेतले एक महापौर माझ्याबरोबर होते. तिथल्या एका उत्साही इंजिनिअरने त्यांना नवी वसाहत दाखवली. एकसारखी घरं, एकसारखी हिरवळ, भोवती भिंत, फाटकावर पहारेकरी. महापौर बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "कैद्यांना एवढी चांगली घरं देतात? आणि बायकामुलांसकट ठेवतात?" ते खरंच विचारत होते, टोमणा नव्हता. मी इंजिनिअरला सांगितलं, "इथल्या शिस्तीने आणि कुटुंबांच्या सोयींनी मी थक्क झालो आहे." इंजिनिअर खूश होऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. दौऱ्यांची आखणी करणारी मार्गारेट नंतर म्हणाली, "तुम्ही नुसते दुभाषे नाही, तुम्ही डिप्लोमॅट आहात." तेव्हापासून अवघड पाहुणे माझ्याकडे येऊ लागले. मी याला पॉलिश करणं म्हणायचो. पाहुण्याची फजिती होऊ नये, यजमानाचं मन मोडू नये, ही मला घरची शिकवण वाटायची. पेडण्याला आमच्या घरी पाहुण्याच्या हातून पेला फुटला तर आई म्हणायची, "तो आधीच तडकलेला होता." मला ते फार सभ्य वाटायचं. अजूनही वाटतं.

बेनेदितो आला तो नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका जानेवारीत. नाव मी बदललं आहे. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका राज्याचा तो कृषी सचिव. तिथे राज्याचा कारभार गव्हर्नरकडे असतो आणि त्याच्या मंत्र्यांना सचिव म्हणतात. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने राज्याचा कृषिमंत्री. त्या राज्यात डाव्यांचं सरकार पहिल्यांदाच आलं होतं. बेनेदितो लहानपणापासून ऊसतोडणी करणारा, डाव्या हाताचं एक बोट अर्धं कोयत्याने गेलेलं. मग शेतमजुरांची युनियन, मग विधानसभा, मग मंत्रिपद. मी सुरुवातीला त्याला "महोदय" म्हणायचो.

"प्रोफेसर," तो तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तू मला महोदय म्हणालास की माझ्यामागे कोण उभं आहे ते मी वळून बघतो. बेनेदितो म्हण."

माझ्या पुस्तकी बोलण्यामुळे त्याने मला प्रोफेसर करून टाकलं होतं.

असा चौकस पाहुणा मला आधी मिळाला नव्हता, नंतरही नाही. बाकीचे लोक आकडे विचारत, फोटो काढत. हा माणसं विचारायचा. विमानतळावर सामान ओढणाऱ्यांची युनियन आहे का? शाळेच्या बसचा ड्रायव्हर आजारी पडला तर बस कोण नेतं? हॉटेलातल्या चादरी कुठे धुतात, आणि धुणाऱ्या बाईचं गाव कोणतं? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं माहीत नसायची, आणि वीस वर्षं या देशात राहून मी स्वतः कधी विचारलं नव्हतं याची लाज वाटायची.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आम्ही पोचलो तेव्हा बर्फ पडत होता. त्याने आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता, पण बर्फापेक्षा तो काढणारा ट्रक त्याला जास्त आवडला. इथे गावच्या रस्त्यांचा आणि त्यांवरचा बर्फ काढण्याचा कमिशनर लोक मत देऊन निवडतात, हे कळल्यावर तो थांबलाच.

"बर्फासाठी निवडणूक? आणि हरलेला माणूस काय म्हणतो, बर्फ विकला गेला?"

कार्यक्रमपत्रिकेत लायब्ररी होती. त्याने हट्टाने बर्फाच्या ट्रकांचं गॅरेज बघायला लावलं. तिथे एक धिप्पाड ड्रायव्हर सँडविच खात बसला होता. बेनेदितोने परवानगी घेऊन त्याच्या शेजारी ट्रकात बैठक मारली. मी खाली बर्फात उभा राहून वर बघत भाषांतर करत होतो.

"कुठला रस्ता आधी करायचा ते कोण ठरवतं?"

"हॉस्पिटल, मग शाळा, मग मोठे रस्ते," ड्रायव्हर म्हणाला. "सासूचा रस्ता शेवटी."

"एखाद्या मोठ्या माणसाने फोन केला, माझा रस्ता आधी कर, तर?"

"करू दे की फोन. ट्रक मी चालवतो. मी नाही गेलो तर ट्रक जात नाही."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. बेनेदितो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने ड्रायव्हरशी हात मिळवला आणि खाली उतरला.

गाडीत बसल्यावर त्याने मला त्याच्या ट्रकांबद्दल सांगितलं. आदल्या वर्षी त्याच्या राज्यात एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या पडीक जमिनीवर साठेक कुटुंबं जाऊन राहिली होती. झोपड्या घातल्या, मका लावला. त्यांतले निम्मे लोक त्याच्याच युनियनचे, काही त्याच्याबरोबर ऊस तोडलेले. कोर्टाने जमीन रिकामी करायचा हुकूम दिला. पोलिसांकडे पुरेसे ट्रक नव्हते, त्यांनी कृषी खात्याकडे मागितले. बेनेदितोने सही करून दिले. खात्याच्या ट्रकांतून त्या लोकांचे संसार हायवेच्या कडेला नेऊन टाकले. तिथे उघड्यावर एक माणूस तापाने गेला.

"कोर्टाने ट्रक मागितले नव्हते," तो म्हणाला. "पोलिसांनी मागितले होते. मी नाही म्हटलं असतं तर आठवडा गेला असता. आठवड्यात काहीतरी करता आलं असतं. आमचं सरकार नवं होतं. वर्तमानपत्रं म्हणत होती, हे लोक कायदा पाळणार नाहीत. मला दाखवायचं होतं की आम्ही पाळतो."

"मग लोकांना काय सांगितलं?"

"कोर्टाचा आदेश होता आणि सरकारने एकत्र निर्णय घेतला. वर्षभर तेच सांगतोय. ते एकच विचारतात: ट्रकांवर सही कोणाची?"

त्या संध्याकाळी एका कुटुंबात जेवण होतं. दौऱ्यात एखादं जेवण तरी कुणाच्या घरी असायचं. ऐन वेळी ठरलेलं घर रद्द झालं आणि मी ओळखीच्या मिलिंदला फोन केला. मिलिंद नागपूरचा, टेलिफोन कंपनीत इंजिनिअर, तेव्हा पस्तिशीचा असेल. बायको सुजाता लॅबमध्ये काम करायची. "आणा ना काका," तो म्हणाला. "मिनिस्टर म्हणजे तिखट खाईल ना?"

बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती आणि शेजारी निळ्या कोटातली, हातात पुस्तक असलेली तसबीर. बेनेदितोने बूट काढले आणि थेट तसबिरीपुढे जाऊन उभा राहिला. "हे कोण? यांचे वडील?"

मी मिलिंदला विचारलं. तो सुजाताकडे बघून हसला. "सांगा, हो. आमच्या सगळ्यांचे."

मग त्याने सविस्तर सांगितलं. आयुष्यात त्या एकाच संध्याकाळी मी मराठीतून थेट पोर्तुगीजमध्ये बोललो, मध्ये इंग्रजी नाही. पेडण्याच्या शाळेतल्या छड्या वसूल झाल्यासारखं वाटलं. बेनेदितोचे प्रश्न थांबेनात. विहीर म्हणजे कोणाची विहीर? पाण्याला हात लावला तर काय होत असे? आणि पहिल्यांदा हात लावला तो दिवस लोकांना आठवतो का? सुजाताने वांग्याची भाजी तिसऱ्यांदा वाढली. माझी भाकरी गार झाली, आणि त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

जेवण झाल्यावर बेनेदितोने मिलिंदला ट्रकांची गोष्ट सांगितली, सहीसकट. आणि विचारलं, "तू त्या लोकांच्या जागी असतास तर माझ्याकडून काय मागितलं असतंस?"

मिलिंद म्हणाला, "काका, त्यांना सांगा, माझ्या वडिलांच्या वेळेस आमची वस्ती उठवली होती. तहसीलदार आमच्याच गावात रिटायर झाला. रोज दिसायचा. शेवटपर्यंत म्हणाला, वरून ऑर्डर होती. वडिलांना त्याच्याकडून काही नको होतं हो. फक्त एकदा तोंडाने म्हणायला पाहिजे होतं, मी केलं. चुकलो. तेही चार लोकांसमोर. मग पुढचं पुढे."

मी शब्द न शब्द सांगितला. एका अक्षराचंही पॉलिश केलं नाही. निघताना बेनेदितोने मिलिंदचा हात दोन्ही हातांत धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये त्याचं भाषण होतं. साठ-सत्तर माणसं असतील, बहुतेक निवृत्त. सकाळी मार्गारेटचा फोन आला होता. आधीच्या एका दौऱ्यात कुणीतरी सभेत काही बोललं होतं आणि त्यावरून वॉशिंग्टनला पत्रापत्री झाली होती. "हा दौरा शांतपणे पार पडू दे," ती म्हणाली. "मला तुमच्यावर भरवसा आहे." माझं वर्षाचं कंत्राट त्याच महिन्यात नवं व्हायचं होतं. तिने त्याचा उल्लेख केला नाही, मीही नाही.

भाषण छान झालं. प्रश्नोत्तरांत स्थानिक वर्तमानपत्राची एक तरुण बातमीदार उठली. तिने अभ्यास केला होता. "तुमच्या सरकारने गरिबांना जमिनीवरून हाकललं. तुमच्या खात्याचे ट्रक वापरले गेले असं मी वाचलं. याला जबाबदार कोण?"

मी तो प्रश्न नीट सांगितला. बेनेदितो उत्तरला:

"मी. ट्रक माझ्या खात्याचे. कोर्टाने ते मागितले नव्हते. मला नाही म्हणता आलं असतं. सही माझी आहे. मी चुकलो, आणि ज्यांच्याबरोबर मी ऊस तोडला त्यांचं मी नुकसान केलं. मी वर्षभर कोर्टाचं नाव सांगत होतो. ते खोटं होतं."

आणि मी इंग्रजीत म्हणालो:

"ती वेदनादायक घटना होती. कोर्टाचा आदेश होता आणि सरकारने त्याचा एकत्रितपणे आदर केला. खात्यांनी सहकार्य केलं. कुटुंबांना जो त्रास झाला त्याचं आम्हाला दुःख आहे."

असं का केलं याचा विचार मी तीस वर्षं केला आहे. मार्गारेटचा फोन, हे एक कारण. परक्यांसमोर आपल्या माणसाची लाज झाकावी, हे दुसरं. मी बराच काळ हेच खरं मानत होतो, कारण ते ऐकायला बरं वाटतं. पण खरं कारण असं की मला माझं उत्तर त्याच्या उत्तरापेक्षा चांगलं वाटलं. जास्त मोठ्या माणसाला शोभणारं. मी त्याची चूक सुधारतो आहे असं मला वाटलं.

लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. बेनेदितो चक्रावला.

"टाळ्या?" तो खाली येताना म्हणाला. "मला वाटलं खुर्च्या फेकतील."

"इथले लोक सभ्य आहेत," मी म्हणालो.

तो लायब्ररीच्या दारापाशी असलेल्या सार्वजनिक फोनकडे गेला, टेलिफोन कार्डावरून आपल्या युनियनच्या ऑफिसला फोन लावला. मी चार पावलांवर कोट घेऊन उभा होतो. "मी बोललो," तो मोठ्याने सांगत होता. "हो, सगळ्यांसमोर. माझी सही, माझी चूक. बातमीदार होती, तिने लिहून घेतलंय. सगळ्यांना सांगा. पेपरात येईल, वाचून दाखवा." फोन ठेवून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "प्रोफेसर, आज मी हलका झालो."

तेव्हा सांगता आलं असतं. बातमीदार अजून पार्किंगमध्ये गाडीवरचा बर्फ झटकत होती. मी त्याला कोट दिला.

पेपरात आलं ते अर्थातच माझं वाक्य. त्याच्या राज्यातल्या एका वर्तमानपत्राने ते मिळवलं, पोर्तुगीजमध्ये परत फिरवलं आणि पहिल्या पानावर छापलं. युनियनने साठ कुटुंबांना जमवून, कबुली वाचून दाखवणार म्हणून सांगून ठेवलं होतं. त्यांच्यासमोर हे आलं. लोक म्हणाले, फोनवर एक बोलला, अमेरिकेत दुसरंच. आणि वर आमच्याशीच खोटं.

ब्राझीलमधलं हे मला नंतर कळलं; नेपरव्हिलच्या पेपरात काय आलं ते आधी मिलिंदकडून कळलं. त्याने तो पेपर वाचून माझ्या घरी फोन केला. "काय हो काका, तुमच्या पाहुण्याने शब्द फिरवला की. जेवताना तर फार मोठं बोलत होता. शेवटी मिनिस्टर तो मिनिस्टर!"

मी म्हणालो, "राजकारणी माणूस आहे, मिलिंद." हे माझंच वाक्य. यात पॉलिशही नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी बेनेदितोचाच फोन आला.

"प्रोफेसर, त्या दिवशी मी काय म्हणालो?"

"तुला आठवत असेलच."

"मला आठवतंय. तुला आठवतंय का, ते विचारतो."

"आठवतंय."

"मग दोन ओळी लिही, सही कर, फॅक्स कर."

मी म्हणालो, "आम्हाला बाहेर सांगता येत नाही. गोपनीयतेचा नियम आहे."

"तो नियम कोणाच्या रक्षणासाठी आहे?"

"पाहुण्यांच्या."

"पाहुणा मी. मी तुला मोकळं करतो. बोल."

"वरून परवानगी लागेल."

मग तो म्हणाला, "घेशील?"

"बघतो."

मी परवानगी मागितली नाही. मागितली असती तर मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं. पुन्हा एकदा त्याचा फोन आला तेव्हा मी बायकोला हातानेच खूण केली. तिने सांगितलं, बाहेर गेलेत. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तो माणूस रडत होता की त्याला सर्दी होती?" मी म्हणालो, सर्दी असेल.

मी उत्तर बदललं हे त्याच्या ध्यानात आलं होतं का? आलंच असणार. दुसरं स्पष्टीकरणच नव्हतं. पण "तू काय बोललास?" असं त्याने एकदाही विचारलं नाही. "मी काय म्हणालो?" एवढंच विचारलं. मला सुटायला जागा ठेवली होती त्याने, आणि मी त्या जागेतून पळालो.

माझं कंत्राट नवं झालं. पुढे काही वर्षांनी त्याच राज्यातली एक तरुण अधिकारी पाहुणी म्हणून आली. व्हॅनमध्ये मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बेनेदितो नावाचे एक कृषी सचिव होते ना?

"तो होय, अमेरिकेत जाऊन उलटला तो?" ती म्हणाली. पुढच्या निवडणुकीत पक्षाने त्याला उभंच केलं नाही. युनियनमध्येही कुणी जवळ येऊ दिलं नाही. तो आपल्या गावी पाण्याचे पंप दुरुस्त करत असे. "माझे वडील म्हणतात, माणूस चांगला होता. पण खोटं बोलला."

त्यात भाषांतर करण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या वर्षी मिलिंद आणि सुजाता मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला न्यू जर्सीतल्या आयसेलिनला आले होते. माझं घर तिथून दहा मिनिटांवर. बायको गेल्यापासून मी एकटाच असतो. चहा ठेवला. मिलिंद आता निवृत्त झाला आहे, केस सगळे पांढरे. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाला, "काका, ते ब्राझीलवाले आठवतात का? मी पोरांना अजून त्यांचं उदाहरण देतो. ताटावर एक बोलायचं आणि माइकवर दुसरं."

मी त्याला सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, चहाची किटली हातात धरून.

मग मिलिंद म्हणाला, "मी तीस वर्षं त्या माणसाला शिव्या घातल्या, काका."

"हो."

"आणि तुम्हाला दर दिवाळीला फराळ पाठवला."

सुजाता म्हणाली, "अहो, जाऊ दे, त्यांचं वय..."

"वय काय? त्या माणसाला वय नव्हतं का?" तो उठला. चहा तसाच होता. "मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना लिहा. तुम्हाला येते ना भाषा?"

तिसऱ्या दिवशी त्याने मला फोनवर एक पत्ता पाठवला. कुठून शोधला माहीत नाही. बेनेदितोच्या गावातल्या शेतमजूर युनियनचा पत्ता, बाकी एक अक्षर नाही. मी पणजोबांच्या भाषेत पत्र लिहिलं. प्रश्न काय होता, बेनेदितोने काय उत्तर दिलं, मी काय सांगितलं, आणि त्याने फोन केला तेव्हा मी काय केलं. खाली सही केली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. दोना झेफा नावाच्या बाईंनी सांगितलेलं, युनियनच्या कारकुनाने लिहिलेलं. हायवेच्या कडेला तापाने गेलेला माणूस त्यांचा नवरा. बेनेदितो सहा वर्षांपूर्वी वारला, असं त्यांनी कळवलं होतं. त्या कुटुंबांना पुढे जमीन मिळाली, तीच. तिथल्या सभेत माझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा लोकांचा विश्वास बसला नाही. मग त्यांनी लिहवून घेतलं होतं: "ट्रकांबद्दल आम्ही त्याला मनातून केव्हाच माफ केलं होतं. तो कोणत्या अडचणीत होता ते आम्हाला कळत होतं. अमेरिकेतल्या खोट्याबद्दल केलं नाही. तो माझ्या दारात पंप दुरुस्त करायला यायचा. मी त्याला पाणी द्यायचे, पण बस म्हणायचे नाही."

मी मिलिंदला फोन लावला आणि ते पत्र त्याला पोर्तुगीजमधून मराठीत वाचून दाखवलं, अखेरपर्यंत. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "शेवटचं पुन्हा वाचा."

शेवटी त्या बाईंनी मला एक विचारलं होतं. आता आमच्याकडे त्याचे शब्द आले, पण आम्ही तिथे नव्हतो, तुम्ही होतात. मी चुकलो असं म्हणताना त्याचा चेहरा कसा होता? तेवढं लिहून पाठवा, मला इतरांना सांगायचं आहे.

"सांगा मग," मिलिंद म्हणाला. "कसा होता?"

मी त्याच्या शेजारीच, हातभर अंतरावर उभा होतो. तो बोलत होता तेव्हा मी खाली वहीत बघत होतो. त्याच्या बोलण्याच्या पुढे जाऊन माझं वाक्य जुळवत होतो. त्याच्याकडे मी एकदाही पाहिलं नाही.

तेच दोना झेफांना लिहिलं आहे. पत्र काल टाकलं.